लखनौला समुद्र आला तर

लखनौला समुद्र कधीच येणार नाही, असं छातीठोकपणे सांगायला तयार नसलेला एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका आमच्या डोक्यावर राहत होता. डोक्यावर म्हणजे विकास नगरातल्या सरकारी वसाहतीत, आमच्या वरच्या मजल्यावर. इथून समुद्र पाहायला जायचं तर रेल्वेत एक अख्खी रात्र आणि वर निम्मा दिवस बसावं लागतं. मध्ये बिहार लागतो, बंगाल लागतो, आणि शेवटी पाय भिजतात. तरीही आमच्या वरचे हे गृहस्थ ‘लखनौला त्सुनामी येईल का?’ या प्रश्नावर लगेच ‘नाही’ म्हणत नसत. चष्मा काढत, पुसत, परत घालत आणि म्हणत, “येणार नाही असं दिसते. पण आपण विचार करून ठेवायला काय हरकत आहे?” अख्खी वसाहत त्यांना मागून ‘सुनामी साहब’ म्हणत असे. मी त्यांना भाऊ म्हणायचो. ते वर्ध्याकडचे, मी साताऱ्याकडचा. महाराष्ट्रात असतो तर एकमेकांच्या वाटेला गेलो नसतो. पण वसाहतीत मराठी घरं दोनच, एक वर आणि एक खाली. त्यामुळे बारा वर्षं वरून पाटवडीचा रस्सा खाली येत राहिला आणि खालून थालीपीठं वर जात राहिली. वहिनी म्हणजे त्यांच्या पत्नी आणि माझी बायको गॅलरीतून मान वर-खाली करत बोलायच्या, आणि दोघींची मुलं ते सगळं ऐकून उत्तरं मात्र हिंदीत द्यायची.

भाऊंच्या स्वभावाचं मूळ एका गोष्टीत होतं: त्यांना छापील कागदावरचा रिकामा रकाना सहन व्हायचा नाही. काही लोकांना भिंतीवरची तिरकी तसबीर पाहवत नाही, तसं. गॅसच्या अर्जावर ‘अन्य माहिती’ असा रकाना असेल तर तुम्ही-आम्ही आडवी रेघ मारून मोकळे होतो. भाऊ तिथे स्वयंपाकघराच्या खिडकीची दिशा लिहीत. एकदा माझ्या मुलीच्या शाळेची सहल होती आणि शाळेनं पालकांकडून एक फॉर्म मागवला होता. त्यात प्रश्न होता, आपल्या पाल्याला कशाची भीती वाटते? मी रेघ मारली होती. भाऊ तेव्हा आमच्याकडे चहाला बसले होते. त्यांनी ती रेघ पाहिली आणि कप खाली ठेवला. “हे काय करून राहिला तू? पोरीला विचारलं का?” मी म्हटलं, राहू द्या हो, कोण वाचतंय. त्यांनी मुलीला हाक मारली. “बेटा, तुमको किससे डर लगता है?” मुलगी तेव्हा सात वर्षांची. विचार करून म्हणाली, “छिपकली से. और मम्मी से.” भाऊंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं: एक, पाल, दोन, माता. पुढच्या आठवड्यात वर्गशिक्षिकेनं माझ्या बायकोला शाळेत बोलावून घेतलं आणि अत्यंत मृदू आवाजात घरच्या वातावरणाबद्दल चौकशी केली. त्यानंतर पंधरा दिवस खालून वर थालीपीठ गेलं नाही. भाऊंना कारण कळलंच नाही. “खरं तेच लिहिलं ना?” एवढंच ते मला जिन्यात विचारत राहिले.

संकटांची तयारी हा त्यांचा दुसरा श्वास होता. घराच्या दाराशी एक निळी पिशवी कायम अडकवलेली असे. तिच्यात कागदपत्रांच्या नकला, मेणबत्त्या, शिट्टी, ज्वारीच्या पापड्या आणि वहिनींचा जास्तीचा चष्मा. आम्ही दोन्ही कुटुंबं दर जूनमध्ये मलिहाबादला दशहरी घ्यायला जायचो. आम्ही आंब्यांकडे पाहायचो, भाऊ बाहेर पडायच्या वाटांकडे. एका वर्षी त्यांनी बागेच्या मालकाला, सत्तरीतल्या खानसाहेबांना विचारलं, “यहाँ आग लग जाए तो लोग किधर से निकलेंगे?” खानसाहेब हसले. “अरे बाबूजी, आग लगेगी तो भाग लेंगे, और क्या.” भाऊ म्हणाले, “हाँ, पर किस तरफ?” खानसाहेबांनी एकदा पूर्वेकडे पाहिलं, एकदा पश्चिमेकडे. जन्म त्या बागेत गेलेला, पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. आम्ही पेट्या गाडीत भरून निघालो तेव्हाही ते बागेच्या मधोमध उभे राहून चारी दिशांना पाहत होते. पुढच्या वर्षी गेलो तर कुंपणाला मागच्या बाजूनं एक नवं फाटक बसवलेलं होतं. ते भाऊंमुळे की बकऱ्यांमुळे, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता वाटतं.

आता त्या त्सुनामीबद्दल. भाऊ आणि मी एकाच केंद्रीय खात्यात. खात्याचं नाव सांगत नाही, सांगण्यासारखं त्यात काही नाही. भाऊ प्रशासन शाखेचे प्रमुख, मी तपासणी शाखेत. दिल्लीच्या मुख्यालयातून एकदा एक परिपत्रक आलं. ते खरं तर समुद्रकाठच्या कार्यालयांसाठी होतं, पण पाठवणाऱ्यानं यादी न पाहता देशभर पाठवलं. सोबत बारा रकान्यांचा तक्ता: आपल्या कार्यालयाची त्सुनामीविषयक तयारी कळवावी. भोपाळवाल्यांनी, जयपूरवाल्यांनी, पाटण्यावाल्यांनी तक्त्यावर ‘लागू नाही’ असं लिहून परत पाठवलं. भाऊंना ‘लागू नाही’ या शब्दांचा मनापासून राग. “लागू नाही म्हणजे काय? म्हणजे आपण विचारच केला नाही.” ते दोन दिवस बसून तो तक्ता भरत होते. समुद्रापासूनचं अंतर नकाशावर दोरा ठेवून मोजलं. इमारतीची उंची, कर्मचाऱ्यांची संख्या, सगळं भरलं. नवव्या रकान्यात विचारलं होतं, उपलब्ध बचावसाधने. तिथे भाऊंनी लिहिलं, “सध्या काहीही नाही.” ते खरंच होतं. पण त्या सत्यानंच घात केला. दिल्लीला जे तक्ते पोचले त्यांत समुद्रकाठच्या कार्यालयांकडे थोडंफार काहीतरी होतं आणि आतल्या कार्यालयांना ते लागूच नव्हतं. पूर्ण भरलेला आणि साधनं शून्य असलेला तक्ता एकच, लखनौचा. तिथल्या कुणी हुशार माणसानं तक्ते वरपासून खालपर्यंत लावले आणि देशातलं सर्वांत असुरक्षित कार्यालय म्हणून आमची निवड केली.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात निधी आला. सोबत नेहमीची अट, एकतीस तारखेच्या आत खर्च करावा. ज्यांनी सरकारी नोकरी केलेली नाही त्यांना वाटेल, परत पाठवायचा. पण आलेला निधी परत पाठवणं म्हणजे दिल्लीला असं कळवणं की आम्हाला कशाचीच गरज नसते. मग पुढच्या वर्षी पिण्याच्या पाण्याच्या मशिनीपासून गळक्या छतापर्यंत सगळ्यालाच कात्री. आमचे मोठे साहेब भाऊंना म्हणाले, “देखिए, जो लेना है ले लीजिए, बस लौटाइए मत.” खरेदीची फाइल माझ्याकडेही आली होती. निविदा रीतसर होत्या, तीन दरपत्रकं होती, कुठे पैशाचा घोटाळा नव्हता. मी ‘नियमानुसार’ असं लिहून सही केली. लखनौला समुद्र आहे की नाही हे पाहणं माझ्या शाखेचं काम नव्हतं. हे वाक्य मी त्या काळात स्वतःला बऱ्याच वेळा ऐकवलं.

तर सामान आलं. नारिंगी रंगाची जीवरक्षक जाकिटं, एक भोंगा, दोन कर्णे, हवा भरायची रबरी नाव, आणि चकाकणाऱ्या रंगातल्या पाट्या: ‘सुनामी निकास मार्ग’, खाली बाण. बाण कुठल्या दिशेनं लावायचे, हा मोठाच पेच होता. लखनौ म्हणजे परात पालथी घातल्यासारखं सपाट शहर, चढावं असं उंच काही नाहीच. शेवटी बाण जिन्यातून वर वर जात गच्चीवर पोचले. पहिल्या सरावाच्या दिवशी भोंगा वाजला, सगळे उठले, जिना चढले आणि गच्चीच्या दाराशी अडकले, कारण दाराला कुलूप होतं आणि किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नव्हतं. पाऊण तासानं कळलं की किल्ली घेऊन एक शिपाई चार वर्षांपूर्वी निवृत्त झाला होता. भाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. “चार वर्षं आपण कोंडलेले होतो,” ते मला म्हणाले. जानेवारीतले सराव मात्र लोकांना फार आवडले. लखनौचं धुकं आठ-आठ दिवस हटत नाही, मग एखाद्या दुपारी ऊन पडतं. नेमकं तेव्हा कुणीतरी येऊन विचारायचं, “सर, आज सुनामी हो जाए?” मग अख्खं कार्यालय जाकिटं घालून गच्चीवर ऊन खात बसे. मूंगफली फिरायची, पेरू कापले जायचे, काळं मीठ यायचं. भाऊ हातात यादी घेऊन हजेरी मोजत फिरत आणि समाधानानं म्हणत, “सगळे वाचले.”

नावेची परीक्षा बख्शी का तालाब नावाच्या कसब्यापलीकडच्या एका गावच्या तळ्यावर झाली. एका रविवारी आम्ही चौघंजण गेलो. पायपंपानं नावेत हवा भरेपर्यंत अर्धं गाव जमलं. तळ्यात म्हशी बसल्या होत्या, त्यांनी उठायला नकार दिला. एका म्हाताऱ्यानं बिडी विझवून विचारलं, “साहब, समंदर आ रहा है का?” भाऊ प्रामाणिकपणे म्हणाले, “नहीं, आ नहीं रहा. पर आ गया तो?” म्हाताऱ्यानं नीट विचार केला. “आएगा तो पहिले बनारस डूबी. हमरी बिटिया हुआँ ब्याही है, फोन कर देई.” सगळे हसले. भाऊ हसले नाहीत. त्यांनी डायरी काढली आणि ‘पूर्वसूचना: बनारस’ असं लिहून घेतलं. ती चेष्टा होती, हे त्यांना कळलं नव्हतं की कळूनही सूचना त्यांना योग्य वाटली होती? मी त्यांच्या शेजारी उभा होतो आणि तरी मला सांगता येणार नाही.

मला सर्वांत जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. सरावासाठी भाऊंनी एक वही केली होती. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या नावापुढे त्यांनी लिहिलं होतं, वर चढताना कुणाची मदत लागेल. हे लिहायला ते टेबलाटेबलावर गेले होते. कुणाचा गुडघा गेलाय, कुणाला दमा आहे, कोण घरी एकटं राहतं, फोन केला तर कोणाला करायचा, सगळं त्यांना ठाऊक झालं. टपाल विभागातल्या एक वयस्क बाई, ज्यांना आम्ही सगळे नुसतं ‘दीदी’ म्हणायचो, त्या मला एकदा म्हणाल्या होत्या, “सुनामी-वुनामी हम नहीं जानते भैया. पर छब्बीस साल की नौकरी में पहली बार किसी ने पूछा कि सीढ़ी चढ़ने में दर्द होता है क्या.” त्यांचं टेबल पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरून खाली आणलं गेलं. त्याला काही निधी लागला नाही. मग त्या जाकिटांचा खर्च फुकट गेला की नाही? मी तपासणीचा माणूस, मला दोन बाजू मांडून खाली एक उत्तर काढायची सवय. इथे ते काढता येत नाही.

भाऊंच्या निवृत्तीला वर्ष उरलं असताना एका स्थानिक वर्तमानपत्रानं त्या पाटीचा फोटो छापला. खाली लिहिलं होतं, लखनऊ में सुनामी का रास्ता. दोन दिवस शहर हसलं आणि तिसऱ्या दिवशी दिल्लीहून पत्र आलं, खरेदीची चौकशी करून अहवाल पाठवा. अहवाल लिहायला मला नेमलं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं की हे गृहस्थ माझ्या वरच्या मजल्यावर राहतात, माझ्या घरी चहा पितात, खरेदीच्या फाइलवर माझीही सही आहे, दुसऱ्या कुणाला नेमा. नाही सांगितलं. वाटलं, नकार दिला तर लोक म्हणतील काहीतरी पाणी मुरतंय. त्याच दिवशी कँटीनमध्ये माझ्या शाखेतला एक सहकारी सगळ्यांसमोर म्हणाला, “अरे, मराठी-मराठी का मामला है यार. सुनामी साहब तो साफ बच गए समझो.” सगळे हसले. मीही हसलो. ते हसू माझ्या चेहऱ्यावर दिवसभर राहिलं आणि संध्याकाळी घरी गेल्यावर मी ते आरशात पाहिलं.

अहवालाचा छापील नमुना होता. वस्तू, संख्या, प्रत्यक्ष उपयोग, हे सगळं मी भरलं. उपयोग शून्य, ते खरंच होतं. शेवटचा रकाना होता, संबंधित अधिकाऱ्याचा हेतू, चौकशी अधिकाऱ्याचा अभिप्राय. तिथे एक वाक्य पुरलं असतं, खरेदी चांगल्या हेतूने केलेली दिसते. असं लिहिलं की समज देऊन प्रकरण मिटतं, हे आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत आहे. मी पेन उचललं आणि कँटीनमधला तो हशा कानात वाजला. वाटलं, हे वाक्य वाचून सगळे म्हणतील, बघा, मराठी माणसानं मराठी माणसाला वाचवलं. दुसऱ्या कुणासाठी मी ते वाक्य डोळे मिटून लिहिलं असतं. कार्यालयातल्या तिवारींसाठी लिहिलं असतं, सिद्दीकींसाठी लिहिलं असतं. केवळ आपला म्हणून भाऊंसाठी लिहिलं नाही. रकाना रिकामा ठेवला, आणि स्वतःला सांगितलं की आपण निःपक्षपाती आहोत.

नियमाप्रमाणे मसुदा संबंधित अधिकाऱ्याला दाखवावा लागतो. भाऊ माझ्या टेबलासमोर बसले आणि त्यांनी तो विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तसा वाचला. “इथे चुकलं तुझं,” ते म्हणाले. “जाकिटं ऐंशी नाहीत, ब्याऐंशी आहेत. दोन छोटी आहेत, आपल्या ऑफिसच्या पाळणाघरातल्या पोरांसाठी. ती तुझ्या नजरेतून सुटली.” म्हणजे माझ्या आरोपात दोन जाकिटं कमी पडत होती, ती त्यांनी स्वतः घातली. पुढे एका पावतीची तारीख दुरुस्त केली. मग ते शेवटच्या रकान्याशी आले. ते थांबले. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे पाहत होतो. त्यांच्या हातात उघडं पेन होतं, आणि एक क्षण मला वाटलं, आता हे लिहितील, यांच्याच्यानं राहवणार नाही. त्यांनी पेनाला टोपण लावलं. “हे तुझं आहे,” ते म्हणाले. “हे मी नाही भरू शकत.” मग नेहमीच्या आवाजात विचारलं, “चहा घेतो का?” मी काम आहे म्हणालो. माझ्यासमोर काहीही काम नव्हतं.

दिल्लीनं तो रिकामा रकाना वाचला, म्हणजे जसा वाचायचा तसाच वाचला, की तपासणाऱ्याला सांगण्यासारखं काही चांगलं सापडलं नाही. भाऊंकडून शाखा काढून घेतली गेली. शेवटचे आठ महिने ते अभिलेख कक्षात एका खिडकीशी बसले. सेवापुस्तिकेत ताशेरा आला, चौतीस वर्षांतला पहिला. ताशेरा असलेल्या माणसाचा निरोप समारंभ कार्यालय करत नाही, तसा लेखी नियम नाही, पण करत नाही. शेवटच्या दिवशी पाच वाजता ते आपला डबा घेऊन जिना उतरले. दीदी फाटकापर्यंत गेल्या, एवढं मला खिडकीतून दिसलं. मी त्या आठ महिन्यांत वर फक्त दोनदा गेलो होतो, तेही बायकोनं ढकललं म्हणून.

वसाहत सोडायच्या आदल्या दिवशी, सकाळी, मी सामान बांधायला मदत करतो म्हणून वर गेलो. भाऊ जमिनीवर बसून स्टीलचे पेले वर्तमानपत्रात गुंडाळत होते आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहीत होते. वहिनी ओट्याशी उभ्या होत्या. मी घोकून ठेवलेलं बोलून टाकलं. “भाऊ, त्या शेवटच्या रकान्यात मी लिहायला हवं होतं.”

“काय लिहायला हवं होतं?”

“की तुम्ही ते चांगल्या हेतूनं केलं.”

त्यांनी पेला गुंडाळून पूर्ण केला. “अन् पुरावा काय जोडला असता?” त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. त्यांना खरंच प्रश्न पडला होता. “हेतूची काही पावती नसते ना. तू विचार कर. मी तपासणीत असतो तर मलाही पेच पडला असता. नाही लिहिलं ते बरोबरच केलं तू.”

वहिनी वळल्या. बारा वर्षांत त्या माझ्याशी कधी चढ्या आवाजात बोलल्या नव्हत्या, तेव्हाही बोलल्या नाहीत. “पुरावा काऊन पाहिजे? बारा वर्षं खाली राहता ना तुम्ही?”

भाऊ म्हणाले, “अगं, असं नसते.” वहिनींनी चहा केला, मला दिला, साखर बरोबर होती. मी तो कसा संपवला मला आठवत नाही.

ते वर्ध्याला गेले. मी तीन आठवडे एक पत्र लिहीत होतो. शेवटी ते चार ओळींचं झालं आणि मी ते माझ्या सहीनिशी दिल्लीला पाठवलं. चौकशी अहवालातील एक रकाना माझ्याकडून भरायचा राहिला होता, त्यात पुढील अभिप्राय वाचावा: सदर अधिकाऱ्याने ही खरेदी कर्मचाऱ्यांच्या जिवाच्या काळजीपोटी केली होती. दीड महिन्यानं उत्तर आलं, प्रकरण बंद झालेले असल्याने पत्र केवळ दप्तरी ठेवण्यात येत आहे. म्हणजे ताशेरा तसाच राहिला. मी दोन्ही कागदांच्या नकला वर्ध्याला पाठवल्या. का पाठवल्या, हेही मला नीट सांगता येत नाही. भाऊंसाठी, की वहिनींनी ते वाचावं म्हणून.

आठ दिवसांनी भाऊंचा फोन आला. आधी त्यांनी ते वाक्य मला मोठ्यानं वाचून दाखवलं, जणू मी ते पहिल्यांदाच ऐकत होतो. मग म्हणाले, “उशीर झाला बाप्पा.”

“हो भाऊ.”

फोनवर मागे वहिनी कुणाला तरी भाजीचा भाव विचारत होत्या. मग भाऊ हळू आवाजात म्हणाले, “एक विचारू? दुपारी पडल्या पडल्या मी याचाच विचार करून राहिलो. ती काळजी होती, का नुसतं काही रिकामं ठेवायचं भ्याव? समुद्र येणार नाही हे मला काय माहीत नव्हतं? माहीत होतं. मग मी काऊन केलं ते? मला स्वतःला नाही सांगता येत रे.”

मी काहीतरी बोलायला हवं होतं. दीदींचं टेबल, ती दोन लहान जाकिटं, किती गोष्टी होत्या. पण आयत्या वेळी माझ्या तोंडून फक्त निघालं, “मी लिहिलंय ना भाऊ.”

“हो,” ते म्हणाले. “तू लिहिलं. तू खाली राहत होता, तुला दिसलं असेल. तर मी तेच खरं धरून चालतो.” आणि त्यांनी विषय बदलून माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी केली.

त्या फोनपासून मी जरा घाबरून आहे. एका माणसानं आपलं चांगलेपण माझ्या शब्दावर सोडलं आहे, आणि ज्यानं ते शब्द वेळेवर लिहिले नाहीत, त्याच्याच शब्दावर. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचून पाहतो. कधी वाटतं, भाऊ बरे होते पण खुळे होते. कधी वाटतं, खुळे आम्ही होतो. परवा कार्यालयाचा जिना चढताना माझाच गुडघा दुखला आणि मी कठड्याला धरून मध्येच थांबलो. दोघं-तिघं बाजूनं वर निघून गेले. तेव्हा मात्र ते वाक्य मला खरं वाटलं, अगदी खरं. घरी जाऊन भाऊंना फोन करून हे सांगावं, असंही वाटलं. अजून केलेला नाही. उद्या करीन म्हणतो.